ड्रॉइंग लायब्ररीचा ड्रायव्हर इंटरफेस: पिक्सेल नको, आयत द्या

प्रश्न थोडक्यात असा आहे. अंधेरीच्या एमआयडीसीत चार जणांच्या टीमने सी भाषेत चित्रं काढायची छोटी लायब्ररी लिहिली आहे: रेषा, आयत, वर्तुळ, मराठी मजकूर. ती एसटीएम३२एफ१०३ या २० केबी रॅमच्या चिपवर चालते. तिला तीन प्रकारचे पडदे जोडायचे आहेत: ३२०×२४० चा रंगीत टीएफटी (आयएलआय९३४१ कंट्रोलर, एसपीआय या एकेक बिट पाठवणाऱ्या जोडणीवर), १२८×६४ चा ओएलईडी (एसएसडी१३०६) आणि बसथांब्यावरच्या पाटीसाठी पी१० एलईडी पॅनेलांची माळ. शिवाय टेबलावर बसून तपासण्यासाठी पीसीवरची खिडकी हवी आणि पुढे पीडीएफही हवा. आज ड्रायव्हरमध्ये, म्हणजे लायब्ररी आणि पडदा यांच्या मधल्या कोडमध्ये, एकच फंक्शन आहे, ‘पिक्सेल ठेव’. टीएफटीचा पडदा रंगताना वरून खाली रंग उतरताना डोळ्यांना दिसतो आणि एलईडीच्या पाटीवर शिरोरेषा तुटते. ड्रायव्हरमध्ये नेमकी कोणती फंक्शनं असावीत?

फंक्शनांची यादी करायच्या आधी पडदा रंगायला वेळ का लागतो ते पाहा, कारण यादी त्यातूनच निघते.

आयएलआय९३४१ला एक पिक्सेल द्यायचा तर आधी स्तंभांची हद्द सांगावी लागते (हेक्स २ए ही आज्ञा आणि ४ बाइट), मग ओळींची हद्द (२बी आणि ४ बाइट), मग ‘आता डेटा घे’ (२सी) आणि शेवटी रंगाचे २ बाइट. एकूण १३ बाइट, त्यातले कामाचे २. पडद्यावर ७६,८०० पिक्सेल आहेत, म्हणजे पूर्ण पडद्याला ९,९८,४०० बाइट. तुमच्या चिपचा एसपीआय जास्तीत जास्त १८ मेगाहर्ट्झवर चालतो. त्या वेगाने नुसते बाइट जायलाच ४४४ मिलिसेकंद लागतात. त्यात दर पिक्सेलला आज्ञा-डेटाची पिन सहा वेळा बदलायची आणि डीएमए (प्रोसेसरला न गुंतवता मेमरीतला डेटा परस्पर पाठवायची सोय) वापरताच येत नाही, त्यामुळे प्रत्यक्षात वेळ याहून बराच जास्त जातो. हद्द एकदाच सांगून सगळे पिक्सेल ओळीने ओतले तर १,५३,६०० बाइट जातात आणि ६८ मिलिसेकंदांत काम होतं. चिप तीच, तारा त्याच, फरक फक्त ड्रायव्हरशी कोणत्या भाषेत बोलता त्याचा आहे. (आयएलआय९३४१च्या डेटाशीटमध्ये एसपीआयवर लिहिण्याची हमी १० मेगाहर्ट्झपर्यंतचीच आहे. १८ वर आणि त्याहून वरही तो सहसा चालतो, पण केबल लांब असेल आणि पडद्यावर ठिपके उडायला लागले तर आधी ९ वर आणून बघा.)

म्हणून ड्रायव्हरशी बोलण्याचं सगळ्यात लहान एकक आयत असावं, पिक्सेल नव्हे. एक पिक्सेल हा १×१ चा आयत, आडवी रेषा हा १ उंचीचा आयत. वर्तुळ भरायचं तर लायब्ररी त्याच्या आडव्या पट्ट्या करते आणि एकेक पट्टी आयत म्हणून देते. वर्तुळ काय असतं हे ड्रायव्हरला कळायची गरजच नाही.

सक्तीची फंक्शनं मी चारच ठेवीन. नावं इथे समजण्यापुरती मराठीत देतो. पहिलं ‘माहिती’: रुंदी, उंची, पिक्सेलचा नमुना, आणि पुढे येतील त्या अटी. दुसरं ‘भर’: दिलेला आयत एका रंगाने भरायचा. तिसरं ‘ठेव’: मेमरीतले तयार पिक्सेल दिलेल्या आयतात नेऊन टाकायचे, सोबत स्रोताच्या एका ओळीची लांबी बाइटमध्ये द्यायची, कारण मोठ्या चित्राचा तुकडा टाकताना ओळीची लांबी आणि तुकड्याची रुंदी वेगळी असते. चौथं ‘पोचव’: आतापर्यंतचं सगळं खरोखर पडद्यावर जाऊ दे. एवढ्यावर कोणताही पडदा चालला पाहिजे. नवीन माणसाने नवीन पडदा जोडायचा तर त्याला एका दिवसात चित्र दिसलं पाहिजे, हा निकष धरा. तीस फंक्शनं भरायला लावणारा इंटरफेस दिला की लोक अर्धी रिकामी सोडतात, आणि कोणती रिकामी आहेत हे गिऱ्हाइकाच्या जागेवर पाटी लावल्यावर कळतं.

ऐच्छिक फंक्शनं यावर बसवायची: ‘सरकव’ (पडद्याचा एक भाग दुसरीकडे हलवणं), ‘मास्क’ (८ बिटांचा पारदर्शकतेचा नकाशा आणि एक रंग), ‘मार्ग भर’ (रेषा-वक्रांची आकृती), ‘अक्षरओळ’ (फॉन्ट, त्यातल्या ग्लिफांचे, म्हणजे अक्षराकृतींचे, क्रमांक आणि त्यांच्या जागा). प्रत्येकाला उत्तरं तीनच: झालं, जमत नाही, चूक. ‘जमत नाही’ हे रीतसर उत्तर धरायचं. ते आलं की लायब्ररी तेच काम खालच्या फंक्शनांत मोडून करते. कैरो ही चित्रं काढायची लायब्ररी नेमकी याच पद्धतीने चालते. तिच्या बॅकएंडने (तिथल्या ड्रायव्हरने) एखाद्या कामाला ‘आधार नाही’ असं परत केलं की ती ते काम चित्राच्या रूपात करून देते. म्हणूनच एकच कोड खिडकीतही चालतो आणि पीडीएफमध्येही.

पीडीएफसाठी हे ऐच्छिक दार अत्यावश्यक आहे. पीडीएफला सगळं आयतांत मोडून दिलंत तर फाइल फुगेल, मोठं करून पाहताना कडा दातेरी दिसतील आणि मजकूर कॉपी होणार नाही. पीडीएफचा ड्रायव्हर ‘मार्ग भर’ आणि ‘अक्षरओळ’ स्वतः घेईल, टीएफटीचा दोन्हींना नाही म्हणेल. वरच्या कोडला काही फरक पडत नाही. फक्त ‘अक्षरओळ’मध्ये ग्लिफ क्रमांकांबरोबर मूळ युनिकोड मजकूरही द्या. ग्लिफवरून मूळ मराठी अक्षरं परत काढणं जोडाक्षरांमुळे भरवशाचं नसतं, आणि मग पीडीएफमध्ये ‘कुर्ला’ शोधला तर सापडत नाही.

इथे एक अट कागदावर लिहून ठेवा: ‘जमत नाही’ हे काहीही रंगवण्याच्या आधी सांगायचं. अर्धं काढून मग नाही म्हटलं तर लायब्ररी ते सगळं पुन्हा काढते, आणि पारदर्शक रंग असेल तर अर्धा भाग दोनदा मिसळून गडद होतो. ही चूक अपारदर्शक रंगावर दिसतच नाही, त्यामुळे महिनोन्‌महिने लपून राहते.

ऐच्छिक फंक्शनच्या जागी ड्रायव्हरने शून्य पॉइंटर ठेवला तर नोंदणीच्या वेळीच लायब्ररीने तिथे स्वतःचं पर्यायी फंक्शन भरून टाकावं. मग चित्र काढताना प्रत्येक वेळी ‘आहे का’ असं विचारावं लागत नाही. ड्रायव्हरची फंक्शनं ज्या स्ट्रक्टमध्ये आहेत त्याचा पहिला सदस्य म्हणून त्या स्ट्रक्टचा आकार बाइटमध्ये ठेवा आणि नवीन फंक्शनं कायम शेवटीच जोडा. जुना ड्रायव्हर नव्या लायब्ररीला लागला की आकारावरून कळतं शेवटची फंक्शनं त्याच्याकडे नाहीत. प्रत्येक फंक्शनचा पहिला पॅरामीटर ड्रायव्हरच्या स्वतःच्या माहितीचा पॉइंटर असावा. ग्लोबल व्हेरिएबल एकही नको. थांब्याच्या पाटीला दोन्ही बाजूंनी पॅनेल लावायची मागणी आज ना उद्या येतेच, आणि ग्लोबलवर लिहिलेला ड्रायव्हर तेव्हा मुळापासून लिहावा लागतो.

ज्यांनी मुंबई विद्यापीठाच्या ग्राफिक्सच्या प्रॅक्टिकलला टर्बो सी वापरलं आहे त्यांना बीजीआय ही त्यातली ग्राफिक्सची सोय आठवत असेल. ड्रायव्हर वेगळ्या फाइलमध्ये असायचा आणि प्रोग्राम सुरू होताना तो शोधून चढवला जायचा. कार्ड बदललं तरी रेषा काढायचा कोड तोच. ती विभागणी आजही बरोबर आहे. मात्र तिथे पडद्याची मेमरी प्रोसेसरच्या हाताशी होती, वाचताही यायची. तुमच्याकडे तसं नाही, आणि पुढची अर्धी गुंतागुंत तिथून येते.

एसएसडी१३०६ एसपीआयवर फक्त लिहून घेतो, पिक्सेल परत वाचू देत नाही. आयटूसी या दुसऱ्या जोडणीवरही तीच गत. टीएफटीचे कित्येक मॉड्यूल डेटा बाहेर आणणारी पिन जोडतच नाहीत. म्हणून ‘पिक्सेल वाच’ हे फंक्शन इंटरफेसमध्ये ठेवूच नका. ठेवलंत की कोणीतरी त्यावर पारदर्शकता उभी करतो आणि ती फक्त पीसीवर चालते. मिसळण्याचं काम लायब्ररीने आपल्या बफरमध्ये (मेमरीतल्या तात्पुरत्या जागेत) करायचं आणि ड्रायव्हरला तयार पिक्सेल द्यायचे.

बफर किती मोठा? ओएलईडीला १,०२४ बाइट पुरतात. एका पी१० पॅनेलला (३२×१६, एकरंगी) ६४ बाइट. टीएफटीला १,५३,६०० बाइट लागतील आणि तुमच्याकडे २०,४८० आहेत. मग पट्ट्यांनी काम करायचं. ३२०×८ चा एक पट्टा ५,१२० बाइटचा होतो. असे दोन घेतले की अर्धी रॅम गेली, अर्धी उरली. एक पट्टा डीएमएने जात असताना दुसऱ्यात चित्र काढायचं. एक पट्टा जायला सुमारे २.३ मिलिसेकंद लागतात, पडदाभर ३० पट्टे होतात. यासाठी लायब्ररीला चित्राच्या आज्ञांची यादी जपून ठेवावी लागते आणि प्रत्येक पट्ट्यासाठी ती पुन्हा चालवावी लागते. आज्ञेच्या नोंदीत तिची वरची आणि खालची ओळ लिहून ठेवा, म्हणजे ज्या पट्ट्याशी तिचा संबंध नाही तिथे ती लगेच ओलांडता येते.

पट्ट्यांमुळे एक दोष उघडा पडतो, तो नीट समजून घ्या. रेषा पट्ट्याच्या कडेला कापायची कशी? बरेच जण रेषेचं टोक कडेवर आणतात, आकडा पूर्णांकात बसवतात आणि उरलेली रेषा नव्याने काढतात. (०,०) पासून (१००,७) पर्यंतची रेषा घ्या आणि समजा एक पट्टा ओळ ३ ला संपतो, पुढचा ४ ला सुरू होतो. वरच्या पट्ट्यात रेषा y=३ ला कापली तर x येतो ४२.८६, म्हणजे ४३. खालच्या पट्ट्यात y=४ ला x येतो ५७.१४, म्हणजे ५७. मधले ४४ ते ५६ हे १३ पिक्सेल दोन्हींपैकी कोणीच काढत नाही. रेषा जितकी आडवी तितकी फट मोठी. यावर उपाय असा की रेषेचा हिशेब कायम मूळ टोकांवरूनच करायचा, तिच्या एकेका ओळीच्या आडव्या पट्ट्या पाडायच्या आणि कात्री त्या आडव्या पट्ट्यांवर लावायची. वरच्या उदाहरणात ओळ ४ वरची पट्टी x=५० ला सुरू होते, आणि पट्टा कुठेही पडला तरी ती ५० लाच सुरू होईल.

कात्री कोणी लावायची, हा वाद इथेच मिटतो: लायब्ररीने, फक्त लायब्ररीने. पाच ड्रायव्हरांनी आपापली कात्री लावली तर पाच वेगळ्या चुका होतील. ड्रायव्हरला जे येईल ते पडद्याच्या आतलंच असेल आणि कधीच रिकामं नसेल, असं वचन द्या. तपासणीच्या बिल्डमध्ये ड्रायव्हरने ते वचन असर्टने (अट मोडली तर तिथेच थांबवणाऱ्या तपासणीने) पडताळावं, अंतिम बिल्डमध्ये त्यावर विसंबावं.

‘कधीच रिकामं नसेल’ हे मुद्दाम म्हटलं आहे. आयताची व्याख्या सगळीकडे एकच ठेवा: डावी आणि वरची कड धरून, उजवी आणि खालची कड वगळून. रुंदी म्हणजे सरळ वजाबाकी, आणि शेजारशेजारचे दोन आयत एकमेकांवर चढत नाहीत की फटही राहत नाही. पण आयएलआय९३४१ला शेवटचा स्तंभ धरून हद्द द्यावी लागते, म्हणून ड्रायव्हर शेवटातून १ वजा करतो. x=० ला शून्य रुंदीचा आयत आला तर शेवट उणे १ होतो, बिनचिन्हाच्या १६ बिटांत तो ६५,५३५ म्हणून जातो, आणि पुढचे पिक्सेल भलतीकडे पडतात. अशी चूक शोधायला दिवस जातो. लायब्ररीत एक अट घातली की ती कायमची टळते.

रंगाचा व्यवहार. वरच्या स्तरावर रंग लाल, हिरवा, निळा आणि पारदर्शकता असा प्रत्येकी ८ बिटांचा ठेवा. पेनचा रंग बदलताना तो एकदाच पडद्याच्या नमुन्यात बदलून घ्या, पिक्सेलगणिक नव्हे. ‘भर’ला हा बदललेला रंगच जावा. टीएफटीला १६ बिट: लालचे ५, हिरव्याचे ६, निळ्याचे ५. उलट ८ बिटांत आणताना खालच्या जागी शून्य भरू नका, वरचे बिट पुन्हा लिहा. नाहीतर पूर्ण पांढरा २५५ ऐवजी २४८ होऊन येतो आणि पीसीवरच्या तुलनेत प्रत्येक चित्र ‘वेगळं’ ठरतं.

टीएफटीवर सगळ्यात जास्त विचारली जाणारी तक्रार म्हणजे लाल मागितला आणि निळा आला. याची कारणं दोन आणि लक्षण एकच. आयएलआय९३४१ला वरचा बाइट आधी हवा असतो आणि तुमची चिप खालचा बाइट आधी ठेवते. पूर्ण लाल म्हणजे हेक्स एफ८००. बाइट उलटले की ००एफ८ होतो, आणि तो निळाच दिसतो. दुसरं कारण, हेक्स ३६ या आज्ञेतला लाल-निळ्याची अदलाबदल करणारा बिट (क्रमांक ३) चुकीचा आहे. फरक ओळखायला पूर्ण हिरवा रंगवा. हिरवा हिरवाच राहिला तर बिट चुकला आहे. हिरव्याचा तांबडा झाला तर बाइट उलटे आहेत, कारण ०७ई० चा ई००७ होतो. बाइटांचा क्रम लायब्ररीनेच बफरमध्ये सांभाळावा, म्हणून ‘माहिती’मध्ये ‘१६ बिट, वरचा बाइट आधी’ असा वेगळा नमुना ठेवा. डीएमए लावण्याआधी ड्रायव्हरने पूर्ण बफर उलटत बसू नये.

‘माहिती’मध्ये जायलाच हवी अशी आणखी एक गोष्ट म्हणजे जुळणीची पायरी. एसएसडी१३०६मध्ये एका बाइटमध्ये उभे ८ पिक्सेल असतात, खालचा बिट वरचा पिक्सेल. पडद्याच्या अशा ८ आडव्या पट्ट्या होतात, त्यांना पानं म्हणतात. ओळ ५ ते १० एवढाच भाग बदलला असला तरी पाठवताना ० ते १५ पाठवावा लागतो. बऱ्याच ई-पेपर कंट्रोलरमध्ये हीच अट आडव्या दिशेला असते. ड्रायव्हरने फक्त ‘x ची पायरी १, y ची पायरी ८’ एवढं सांगावं. बदललेला आयत बाहेरच्या बाजूला फुगवून पायरीवर आणणं लायब्ररीचं काम. हे विसरलं की मजकुराची एक ओळ बदलताना खालच्या ओळीची वेलांटी-मात्रा पुसली जाते, आणि माणूस फॉन्टला दोष देत बसतो.

आता ‘पोचव’. तीन पडद्यांवर याचा अर्थ तीन प्रकारचा आहे, म्हणून वचन जपून शब्दांत मांडा: ‘पोचव’ लगेच परत येईल, काम संपल्यावर ड्रायव्हर ‘संपलं’ हे कॉलबॅक देईल (लायब्ररीने आधी दिलेलं फंक्शन बोलावेल), ते येईपर्यंत दिलेला बफर ड्रायव्हरच्या ताब्यात आहे, लायब्ररीने त्याला हात लावायचा नाही. कॉलबॅक इंटरप्टमधून येऊ शकतं, म्हणून त्यात फक्त झेंडा उभारायचा, चित्र काढायला सुरुवात करायची नाही. साधा, वाट पाहणारा ड्रायव्हर असेल तर तो परत येण्याआधीच कॉलबॅक देऊन मोकळा होईल. लायब्ररीला तेही चाललं पाहिजे. पुढे कॉर्टेक्स-एम७ची चिप घेतलीत तर डीएमएच्या आधी कॅशमधला (प्रोसेसरजवळच्या जलद मेमरीतला) डेटा मुख्य मेमरीत उतरवावा लागतो आणि बफर ३२ बाइटांच्या सीमेवर ठेवावा लागतो. चुकलं तर पडद्यावर १६-१६ पिक्सेलांचे शिळे तुकडे दिसतात. तुकड्यांची लांबी नेमकी १६ असेल तर शोध इतरत्र करू नका. ३२ बाइटची कॅश ओळ म्हणजे १६ बिटांचे १६ पिक्सेल.

पी१०चं ‘पोचव’ वेगळंच आहे. हे पॅनेल एका वेळी चौथाई ओळीच उजळतं, म्हणून ड्रायव्हरने टायमरवर ते सतत फिरवत ठेवावं लागतं. चार टप्पे, प्रत्येकी १ मिलिसेकंद धरला तर सेकंदाला २५० फेऱ्या होतात. एका टप्प्यात एका पॅनेलला १६ बाइट, आठ पॅनेलांच्या माळेला १२८. ४ मेगाहर्ट्झवर ते २५६ मायक्रोसेकंदांत जातात. ‘पोचव’ म्हणजे इथे काढलेला बफर आणि दाखवायचा बफर यांची अदलाबदल, आणि तीही चौथा टप्पा संपल्यावरच. मध्येच केली तर सरकत्या मजकुरात काही ओळी जुन्या आणि काही नव्या दिसतात. पॅनेलच्या आतली बाइटांची चमत्कारिक मांडणी ड्रायव्हरच्या पोटातच राहू द्या. लायब्ररीला तो २५६×१६ चा साधा एकरंगी पडदा दिसला पाहिजे.

शिरोरेषेचं दुखणं. काढण्यासाठी ड्रायव्हरला कधीही नुसती युनिकोड अक्षरं देऊ नका. ‘विक्रोळी’ मेमरीत आठ कोडांचा शब्द आहे: व, वेलांटी, क, हलन्त, र, ओकार, ळ, दीर्घ वेलांटी. काढताना ऱ्हस्व वेलांटी व च्या आधी येते आणि क-हलन्त-र मिळून एक ‘क्र’ होतो. ‘सँडहर्स्ट रोड’मध्ये रफार पुढच्या जोडाक्षराच्या डोक्यावर जातो. हे काम हार्फबझसारख्या शेपिंग इंजिनाचं आहे आणि २० केबीच्या चिपवर ते बसवण्यापेक्षा पीसीवर आधीच करून ग्लिफांची यादी चिपमध्ये भरणं शहाणपणाचं. थांब्यांची नावं ठरलेली असतात, त्यामुळे ते सहज जमतं. शेपिंग करताना भाषा मराठी अशी सांगा. फॉन्टमध्ये सोय असेल तर ल आणि श मराठी वळणाचे येतात, नाहीतर ‘लोअर परळ’ हिंदी वळणात उमटतो.

तुमच्या पाटीवर शिरोरेषा तुटण्याची कारणं सहसा दोन. पहिलं, प्रत्येक ग्लिफ काळ्या चौकोनासकट ठेवला जातो. देवनागरी ग्लिफ शेजाऱ्याच्या हद्दीत मुद्दाम थोडे घुसतात, आणि नंतर आलेल्या ग्लिफची काळी चौकट आधीच्याचं टोक पुसते. दुसरं, ग्लिफची पुढे सरकायची रुंदी अपूर्णांकात असते, समजा ७.६, ती ८ धरली आणि ग्लिफची रेषा ७ पिक्सेलांवरच संपत असेल तर एका पिक्सेलची फट राहते. पी१०वर एक पिक्सेल म्हणजे १० मिलिमीटर, रस्त्यापलीकडून दिसतो. पहिल्याला उपाय म्हणून मजकूर कायम मास्कनेच काढायचा, पार्श्वभूमी आधी वेगळी भरायची. दुसऱ्याला, जागांची बेरीज अपूर्णांकात चालू ठेवून फक्त शेवटी पूर्णांक करायचा, आणि लहान आकारासाठी हाताने दुरुस्त केलेले बिटमॅप ग्लिफ वापरायचे.

टीएफटीवर कडा मऊ केल्या की उलट दोष दिसतो: शिरोरेषेवर सांध्यासांध्याला गडद ठिपके. रेषेच्या वरच्या कडेला ५० टक्के झाकण असेल आणि दोन ग्लिफ तिथे एकमेकांवर येत असतील, तर दोनदा मिसळून ते ७५ टक्के होतं. म्हणून एकेक ग्लिफ पडद्यावर मिसळायचा नाही. अख्ख्या शब्दाचा एकच मास्क बनवायचा, आणि दोन ग्लिफ एकाच पिक्सेलवर आले तर मोठी किंमत ठेवायची, बेरीज नाही. मग तो मास्क एकदाच रंगात मिसळायचा. वर ‘मास्क’ फंक्शन ग्लिफ न घेता नकाशा घेतं, ते याच कारणाने. लॅटिन लिपीवर तयार झालेले इंटरफेस सरळ ‘एक ग्लिफ काढ’ असं मागतात आणि त्यांचं काम भागतं. मराठीचं भागत नाही.

पडदा फिरवणं: आयएलआय९३४१ चारही दिशांना स्वतः फिरतो, एसएसडी१३०६ फक्त १८० अंशात. ड्रायव्हरने जमणाऱ्या दिशा सांगाव्यात, उरलेल्या लायब्ररीने कराव्यात. फिरवल्यावर रुंदी-उंचीची अदलाबदल कात्रीपर्यंत पोचली आहे ना ते बघा.

लॅमिंग्टन रोडवरून पडदे घेता तेव्हा दिसायला सारख्या मॉड्यूलवर कधी आयएलआय९३४१ असतो तर कधी एसटी७७८९. वाचायची पिन जोडलेली असेल तर हेक्स डी३ या आज्ञेला आयएलआय९३४१ उत्तरात ९३ आणि ४१ देतो. तिथून ड्रायव्हर निवडा. एसटी७७८९च्या २४०×२४० पडद्यात कंट्रोलरची मेमरी २४०×३२० चीच असते, त्यामुळे काही दिशांना चित्र ८० ओळींनी सरकतं. हा फरक ड्रायव्हरच्या आत मिटवा.

तपासणी अशी करा. एक संदर्भ ड्रायव्हर लिहा, जो फक्त मेमरीत काढतो आणि चारच सक्तीची फंक्शनं जाणतो. हजारभर यादृच्छिक आज्ञा त्यावर चालवा आणि चित्र जपून ठेवा. मग त्याच आज्ञा प्रत्येक ऐच्छिक फंक्शन चालू-बंद करून आणि पट्ट्याची उंची १, ८, १३, २४० अशी बदलून चालवा. प्रत्येक चित्र पिक्सेलन्‌पिक्सेल तेच आलं पाहिजे. १३ मुद्दाम घेतला आहे: २४० ला त्याने भाग जात नाही, त्यामुळे शेवटचा पट्टा अपुरा राहतो आणि बहुतेक चुका तिथेच सापडतात. खऱ्या पडद्यावर चारही कडांना एका पिक्सेलची चौकट काढा. एखादी कड गायब असेल तर हद्द चुकली किंवा चित्र सरकलं. मजकुरासाठी कुर्ला, विक्रोळी, शीव, लोअर परळ, सँडहर्स्ट रोड, किनाऱ्यालगत आणि ॲन्टॉप हिल हे शब्द ठेवा. यातला ॲ युनिकोडमध्ये २००८ साली आला, जुन्या फॉन्टमध्ये त्याच्या जागी रिकामा चौकोन दिसतो; आणि ‘किनाऱ्यालगत’मधला अर्धा र नीट आला नाही तर दोष शेपिंगमध्ये किंवा फॉन्टमध्ये आहे, ड्रायव्हर उघडू नका.

कामाचा क्रम: आधी संदर्भ ड्रायव्हर आणि पीसीची खिडकी, मग ओएलईडी, कारण त्याचा बफर पूर्ण बसतो आणि पायरीची अट तिथे पहिल्यांदा कसाला लागते. त्यानंतर टीएफटी पट्ट्यांसह, मग पी१०. पीडीएफ सगळ्यात शेवटी, पण ‘मार्ग भर’ आणि ‘अक्षरओळ’ यांच्या जागा स्ट्रक्टमध्ये आजच राखून ठेवा.